शहरी शाळेतील मूलनिवासी मुले : मदतीच्या आधीची कामे

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. महाराष्ट्रातून येऊन आपण अमेरिकेतील एका मध्यम आकाराच्या शहरात, सरकारी शाळेतील सहावीच्या वर्गाला शिकवता. कार्यालयाच्या यादीप्रमाणे आपल्या वर्गात एकच विद्यार्थी मूलनिवासी, म्हणजे अमेरिकेच्या मूळ रहिवाशांपैकी, आहे. परंतु बोलता बोलता आणखी तिघांनी आपापल्या जमातीचा उल्लेख केला. त्यांतील एक मुलगी वर्गात अजिबात बोलत नाही, या वर्षी ती आतापर्यंत अकरा दिवस गैरहजर राहिली आहे, आणि तिला विशेष शिक्षणाच्या तपासणीसाठी पाठवावे असे मुख्याध्यापकांनी सुचवले आहे. अशा मुलांना आधार द्यायचा म्हणजे नेमके काय करायचे, आणि बाहेरून आलेल्या व्यक्तीने ते करणे उचित आहे का, असे आपण विचारले आहे.

मी एका शहरी स्कूल डिस्ट्रिक्टमध्ये, म्हणजे तिथल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या स्थानिक यंत्रणेत, २२ वर्षे शालेय समाजकार्यकर्ती म्हणून काम केले आणि त्यांतील बहुतेक वर्षे मूलनिवासी शिक्षण विभागाच्या सोबतीने गेली. त्या अनुभवावरून माझे मत असे झाले आहे की या मुलांची पहिली अडचण म्हणजे शाळेला ती दिसतच नाहीत, आणि दिसली तर चुकीची दिसतात. शिकवणी, समुपदेशन, शिष्यवृत्ती या सर्व गोष्टींना महत्त्व आहेच. पण ज्या मुलाची नोंदच नाही त्याच्यापर्यंत यांतले काहीही पोहोचत नाही. म्हणून मी मोजणी, नाव आणि गैरहजेरी या कारकुनी वाटणाऱ्या गोष्टींपासून सुरुवात करते.

आधी शब्दांबद्दल, कारण आपल्या दोघींच्या बाबतीत त्यांचा घोटाळा हमखास होतो. अमेरिकेच्या कायद्यात ‘इंडियन’ हा शब्द या भूमीच्या मूळ रहिवाशांसाठी वापरला जातो, भारतीयांसाठी नव्हे. ‘इंडियन एज्युकेशन’ असे नाव असलेले कार्यालय आपल्यासाठी नाही. भारतातून आलेले पालक प्रवेशाच्या वेळी ‘अमेरिकन इंडियन’ या चौकोनात खूण करतात, असे मी कितीतरी वेळा पाहिले आहे. त्यात त्यांचा काही वाईट हेतू नसतो, पण नोंदी बिघडतात. तसेच ‘रिझर्व्हेशन’ म्हणजे जमातीसाठी राखलेला भूप्रदेश. आपल्याकडच्या आरक्षणाशी त्याचा संबंध नाही. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे जमातीचे सदस्यत्व हा निव्वळ वंशाचा विषय नाही. या जमाती संघराज्य शासनाशी शासन म्हणून व्यवहार करणारी राष्ट्रे आहेत, आणि त्यांच्या सदस्यांचा दर्जा राजकीय स्वरूपाचा आहे हे सर्वोच्च न्यायालयाने १९७४ मध्येच मान्य केले आहे. त्यामुळे ‘तू नेटिव्ह आहेस का?’ या प्रश्नापेक्षा ‘तुझे राष्ट्र कोणते?’ हा प्रश्न अधिक योग्य आहे. एकाच वर्गातील चार मुलांपैकी एक ओजिब्वे, एक लकोटा, एक नवाहो आणि एक आईकडून एका, वडिलांकडून दुसऱ्या राष्ट्राचे असू शकते; त्यांच्या भाषा, विधी आणि इतिहास परस्परांहून तितकेच भिन्न असतात जितके मराठी आणि मणिपुरी माणसांचे.

आता आपल्या यादीत एकच नाव का आहे ते पाहू. शाळांनी संघराज्य शासनाला वांशिक माहिती कशी द्यायची याचा जो नियम २०१०-११ पासून लागू झाला, त्यात आधी ‘हिस्पॅनिक (मेक्सिकोसारख्या स्पॅनिश भाषक देशांतील मुळाचे) आहे का?’ हा प्रश्न येतो आणि त्याला होकार मिळाला की बाकी काहीही लिहिले असले तरी मूल हिस्पॅनिक गटात मोजले जाते. एकाहून अधिक वंशांवर खूण असेल तर ते ‘दोन किंवा अधिक वंश’ या गटात जाते. नवाहो आई आणि मेक्सिकन वडील असलेले मूल अशा रीतीने मूलनिवासींच्या आकड्यातून पूर्णपणे नाहीसे होते, आणि शहरात अशी मिश्र कुटुंबे खूप असतात. आपल्या वर्गातील उरलेली तीन मुले बहुधा याच दोन गटांत असतील. या पद्धतीत बदल करण्याचा निर्णय संघराज्य शासनाने २०२४ मध्ये घेतला आहे, पण शाळेच्या कार्यालयातील जुन्या नोंदी त्यामुळे आपोआप सुधारत नाहीत.

यावर उपाय म्हणजे एक वेगळा कागद, ज्याला सगळे ‘५०६ चा फॉर्म’ म्हणतात. १९७२ च्या इंडियन एज्युकेशन अॅक्टमधून निघालेले आणि आज ‘टायटल सिक्स’ या नावाने ओळखले जाणारे अनुदान याच फॉर्मच्या मोजणीवर मिळते. मूल स्वतः, आई-वडिलांपैकी कोणी, किंवा आजी-आजोबांपैकी कोणी जमातीचे सदस्य असले तरी मूल पात्र ठरते. केवळ राज्याने मान्यता दिलेल्या आणि १९४० नंतर संघराज्य शासनाने मान्यता काढून घेतलेल्या जमातीही यात येतात, आणि ही बाब शाळेतील फार थोड्या लोकांना ठाऊक असते. फॉर्म एकदा नीट भरून, सही आणि तारखेसह दिला की तो दरवर्षी नव्याने भरावा लागत नाही. वांशिक चौकोनात मूल कोणत्या गटात मोजले गेले याचा या पात्रतेशी काही संबंध नाही. म्हणून आपल्या तिन्ही विद्यार्थ्यांचे फॉर्म भरले गेले आहेत का, हे डिस्ट्रिक्टच्या मूलनिवासी शिक्षण विभागाला विचारा. छोट्या डिस्ट्रिक्टमध्ये असा विभाग नसेल तर टायटल सिक्सचे काम कोणाकडे आहे ते विचारा.

हा फॉर्म दप्तरातून घरी पाठवून परत येण्याची वाट पाहणे मी लवकरच सोडून दिले. तो परत येत नाही आणि त्याला कारण आहे. मुलाचे नाव, जमातीचे नाव, सदस्य क्रमांक मागणारा सरकारी कागद या कुटुंबांच्या आठवणीत चांगला नाही. पेनसिल्व्हेनियातील कार्लाइल येथे १८७९ मध्ये मूलनिवासी मुलांसाठी रिझर्व्हेशनबाहेरची पहिली सरकारी निवासी शाळा सुरू झाली. तिथे आणि तिच्या नमुन्यावर निघालेल्या शाळांत मुलांचे केस कापले गेले, नावे बदलली गेली आणि मातृभाषेत बोलल्याबद्दल शिक्षा केली गेली. अमेरिकेच्या अंतर्गत विभागाने (डिपार्टमेंट ऑफ द इंटिरियर) २०२४ मध्ये पूर्ण केलेल्या चौकशीत अशा ४१७ संघराज्य शाळांची आणि त्यांत मृत्यू पावलेल्या किमान ९७३ मुलांची नोंद झाली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये राष्ट्राध्यक्ष बायडेन यांनी ॲरिझोनातील गिला रिव्हर येथे जाऊन देशाच्या वतीने क्षमा मागितली. आपल्या विद्यार्थिनीची पणजी, कदाचित आजीसुद्धा, अशा शाळेत राहिलेली असू शकते. ज्या घरात ‘शाळेतून माणूस आला’ या वाक्याचा अर्थ एकेकाळी ‘मुलाला घेऊन जाणार’ असा होता, त्या घरात आपला निरागस कागदही संशयाने पाहिला जातो, आणि तो संशय मला पूर्णपणे रास्त वाटतो.

शहरात ही कुटुंबे आली कशी, हेही माहीत असू द्यावे. १९५० च्या दशकात शासनाने जमातींची मान्यता काढून घेण्याचे धोरण १९५३ च्या ठरावाने स्वीकारले आणि आधीपासून चालू असलेल्या, १९५६ च्या कायद्याने वाढवलेल्या योजनेतून लोकांना रिझर्व्हेशनवरून शिकागो, डेन्व्हर, लॉस एंजेलिस, डॅलस अशा शहरांत नोकरीच्या आश्वासनावर हलवले. आश्वासने बऱ्याच अंशी पोकळ निघाली, पण माणसे शहरात राहिली, आणि त्यांनी स्वतःच्या संस्था उभ्या केल्या : शिकागोचे अमेरिकन इंडियन सेंटर १९५३ चे, ओकलंडचे इंटरट्रायबल फ्रेंडशिप हाउस १९५५ चे. मिनियापोलिसमध्ये १९६८ साली मूलनिवासींच्या हक्कांसाठी लढणाऱ्या अमेरिकन इंडियन मूव्हमेंटची स्थापना झाली आणि सरकारी शाळांतील वागणुकीला कंटाळलेल्या पालकांनी १९७२ मध्ये ‘हार्ट ऑफ द अर्थ’ ही स्वतःची शाळा काढली. या कुटुंबांना शिक्षण नको आहे असे कोणी शिक्षक कक्षात म्हणाले तर हा इतिहास त्यांना अवश्य सांगा.

आता गैरहजेरीकडे येते, कारण आपल्या प्रश्नातील सर्वांत तातडीची बाब मला तीच वाटते. वर्षातील सुमारे १८० दिवसांपैकी दहा टक्के, म्हणजे १८ दिवस बुडाले की मूल ‘सततचे गैरहजर’ या वर्गात जाते, आणि त्यात रजेचे कारण योग्य होते की नाही हे पाहिले जात नाही. अनेक जमातींमध्ये मृत्यूनंतरचे विधी काही दिवस चालतात आणि नात्याचा घेर मोठा असतो; आईच्या चुलत बहिणीचा मृत्यू हा त्या घरातला मृत्यू असतो. शहरापासून रिझर्व्हेशन सहा तासांवर असेल तर एका अंत्यविधीत शाळेचा आठवडा जातो. वर्षात असे दोन प्रसंग आले, उन्हाळ्यातला एखादा विधी शाळा सुरू होण्याच्या दिवसांवर आला आणि मुलीला एकदा ताप आला, की १८ दिवस भरले. यात कोणीही बेजबाबदार वागलेले नसते.

माझ्या कामाच्या तिसऱ्या वर्षी मी एका कुटुंबाला गैरहजेरीची ताकीद देणारे छापील पत्र पाठवले. ते पत्र पोहोचले तेव्हा त्या घरात आजोबांचे दिवस चालू होते. नंतर त्या मुलाची आजी मला भेटायला आली आणि शांतपणे म्हणाली की तुम्ही एकदा फोन केला असता तर आम्ही तुम्हाला सांगितले असते. त्यानंतर मी माझ्या अखत्यारीतील एकही पत्र फोन केल्याशिवाय पाठवले नाही. आपल्याला करता येण्यासारखे बरेच आहे : विधीसाठीची अनुपस्थिती नोंदवण्याचा योग्य संकेतांक कोणता ते कार्यालयात विचारून तोच वापरला जाईल असे पाहा, जाण्याआधी कळले तर दोन-तीन दिवसांचे मोजके काम द्या, आणि परत आल्यावर बुडालेल्या सर्व कामाचा ढीग तिच्यापुढे ठेवू नका, पुढचा धडा समजण्यासाठी ज्याची गरज आहे तेवढेच करवून घ्या.

गैरहजेरीचे दुसरे कारण घराशी जोडलेले असते आणि ते लवकर उघड होत नाही. भाडे परवडेनासे झाल्यामुळे कुटुंब मावशीच्या किंवा आत्याच्या घरी राहायला गेले असेल, तर मॅककिनी-व्हेंटो कायद्यानुसार मूल बेघर समजले जाते. त्या शब्दाने घरातली माणसे दुखावतात, म्हणून तो त्यांच्यासमोर वापरू नका. परंतु त्याने मिळणारे हक्क मोठे आहेत. कागदपत्रे नसली तरी तत्काळ प्रवेश, पत्ता बदलला तरी मूळ शाळेतच राहण्याचा हक्क, आणि तिथपर्यंत वाहतुकीची सोय. प्रत्येक डिस्ट्रिक्टमध्ये या कायद्यासाठी नेमलेली व्यक्ती असते. मात्र मोठ्या कुटुंबाने एका छताखाली राहणे ही अनेक घरांची स्वीकारलेली आणि आवडती पद्धत असते, तिला तंगी समजण्याची चूक होऊ देऊ नका. मूल आजीकडे वाढत असेल तर ‘आई-वडील कुठे आहेत’ हा प्रश्न टाळा आणि आजीलाच पालक म्हणून मान द्या.

आता त्या मुलीच्या मौनाबद्दल. सुझन फिलिप्स या संशोधिकेने ऑरेगनमधील वॉर्म स्प्रिंग्ज रिझर्व्हेशनवरील वर्गांचा अभ्यास केला होता. शिक्षक एकेकाला उठवून सर्वांसमोर बोलायला लावत तेव्हा तिथली मुले गप्प राहत, आणि मुलांनीच चालवलेल्या लहान गटांत तीच मुले मोकळेपणाने बोलत, असे त्यांना आढळले. त्या समाजात मूल आधी बराच काळ पाहते, मग एकांतात करून बघते आणि जमले असा विश्वास आल्यावरच इतरांना दाखवते. आपला वर्ग मात्र चुका सर्वांसमोर करायला सांगतो. या निष्कर्षाचा ‘मूलनिवासी मुले शांतच असतात’ असा ठोकळा करू नये, कारण मी अत्यंत बोलकी मूलनिवासी मुलेही शिकताना पाहिली आहेत. पण आपल्या मुलीला उत्तर येते का, आणि ते तीस जणांसमोर उभे राहून सांगावेसे तिला वाटते का, हे दोन निराळे प्रश्न आहेत एवढे त्यावरून निश्चित कळते. चार आठवडे तिला सर्वांसमोर नाव घेऊन विचारू नका. दोघा-तिघांच्या गटात काम द्या, उत्तर लिहून द्यायची मुभा द्या, प्रश्न विचारल्यावर आपण स्वतः अधिक वेळ थांबा, आणि या काळात ती काय लिहिते, कोणाशी बोलते, मधल्या सुट्टीत कशी असते याची तारखेसह नोंद ठेवा.

ही नोंद आपल्याला मुख्याध्यापकांशी बोलताना उपयोगी पडेल. देशातील मूलनिवासी विद्यार्थ्यांपैकी १९ टक्के विशेष शिक्षणाच्या सेवांत आहेत, एकूण विद्यार्थ्यांत हे प्रमाण १५ टक्के आहे. हे २०२१-२२ चे आकडे आहेत. काही मुलांना या सेवांची खरोखर गरज असते आणि त्यांच्या बाबतीत उशीर करणे हा अन्याय ठरेल. परंतु विशिष्ट अध्ययन अक्षमता ठरवताना ती अडचण मुख्यतः सांस्कृतिक कारणांतून, आर्थिक परिस्थितीतून किंवा पुरेसे शिकवलेच न गेल्यामुळे आलेली नाही ना, हे पाहण्याचे बंधन कायद्याने घातले आहे, आणि अकरा दिवस वर्गात नसलेल्या मुलीच्या बाबतीत हा प्रश्न आधी विचारला गेला पाहिजे. पालकांच्या लेखी संमतीशिवाय ही तपासणी सुरूही करता येत नाही. त्याआधी शाळेच्या परिचारिकेकडून तिचे कान तपासून घ्या. मधल्या कानाचा जंतुसंसर्ग मूलनिवासी मुलांमध्ये अधिक आढळतो आणि त्यामुळे अधूनमधून ऐकू कमी येते. मुलाला ते सांगता येत नाही आणि शिक्षकाला ते दुर्लक्ष वाटते. माझ्या पाहण्यातल्या दोन मुलांचे ‘लक्ष नसणे’ कानावरच्या उपचारांनी संपले.

अभ्यासक्रमाविषयी मी थोडक्यातच लिहिते. नोव्हेंबरात, थँक्सगिव्हिंगच्या सणाला, मुलांकडून कागदी पिसांचे मुकुट करवून घेऊ नका. या लोकांबद्दल बोलताना केवळ भूतकाळ वापरू नका. ते आज वकील, परिचारिका, मच्छीमार आणि आपल्या शाळेचे बसचालकही आहेत. मोंटानाने १९९९ च्या कायद्याने आणि वॉशिंग्टन राज्याने २०१५ च्या कायद्याने जमातींचा इतिहास सर्वच विद्यार्थ्यांना शिकवणे शाळांवर बंधनकारक केले आहे. आपल्या राज्यात काय तरतूद आहे ते पाहा आणि जमातींच्या सहभागाने तयार झालेले साहित्यच वापरा. शाळेच्या किंवा प्रतिस्पर्धी संघाच्या शुभचिन्हात मूलनिवासी चेहरा असेल तर ती किरकोळ बाब समजू नका : ट्युलालिप जमातीच्या मानसशास्त्रज्ञ स्टेफनी फ्रायबर्ग यांच्या संशोधनात अशी चिन्हे पाहिल्यानंतर मूलनिवासी विद्यार्थ्यांचा आत्मसन्मान घटलेला आढळला. आणि वर्गातल्या मुलाला ‘तुमच्यात हे कसे करतात ते सर्वांना सांग’ असे कधीही म्हणू नका. अकरा वर्षांच्या मुलावर एका राष्ट्राचे प्रतिनिधित्व लादणे क्रूर आहे, आणि काही गोष्टी बाहेर सांगायच्या नसतात हे त्याला माहीत असते.

आपण बाहेरच्या आहात, तेव्हा हे करावे का? करावे, पण एकट्याने नव्हे. टायटल सिक्सच्या अनुदानासाठी पालक समिती असणे सक्तीचे असते, तिच्यात मूलनिवासी मुलांच्या कुटुंबीयांचे बहुमत असावे लागते आणि तिच्या लेखी मंजुरीशिवाय अर्ज पुढे जात नाही. या समितीच्या बैठकीला जा, मागे बसा, ऐका. काही बैठका काही न बोलता गेल्या तरी हरकत नाही. शहरात इंडियन सेंटर असेल तर तिथल्या सार्वजनिक जेवणाला किंवा पाउवाउला, म्हणजे नाच-गाण्याच्या मेळाव्याला, जा. शिक्षिका तिथे दिसली ही बातमी घरोघर पोहोचते. तिथे भारतातील आदिवासींशी तुलना करण्याचा मोह होईल. मलाही झाला होता. साम्ये खरी आहेत, पण समोरच्याने विचारल्याशिवाय ती मांडू नयेत, कारण आपला अनुभव सांगता सांगता त्यांचे ऐकायचे राहून जाते. बाहेरची असण्याचा एक लाभही आहे : आपल्या नावाचा चुकीचा उच्चार रोज ऐकणे कसे असते हे आपल्याला ठाऊक आहे.

आपली मुले पुढे बारावी पूर्ण करतील तेव्हाचाही एक विषय आत्ताच लक्षात ठेवा. पदवीदान समारंभात गरुडाचे पीस किंवा मण्यांचे काम केलेली टोपी घालण्यावरून अनेक शाळांत वाद झाले आहेत. मोंटानाने २०१७ मध्ये आणि वॉशिंग्टनने २०२० मध्ये हा हक्क कायद्याने दिला. गरुडाचे पीस ही पवित्र वस्तू आहे आणि ते बाळगण्यावर संघराज्य कायद्याचे निर्बंध आहेत. कोणत्याही कर्मचाऱ्याने ते मुलाच्या हातातून किंवा टोपीवरून काढून घेऊ नये. हा नियम समारंभाच्या दिवशी दारात उभ्या असलेल्या शिक्षकाला नव्हे, तर वर्षारंभीच सर्वांना सांगितला गेला पाहिजे.

तपासणीच्या विषयावर मुख्याध्यापकांकडे चार आठवड्यांची मुदत मागा आणि त्या काळात काय करणार आहात ते लेखी द्या. पण त्याच्याही आधी, या आठवड्यातच, त्या मुलीच्या घरी फोन करा. गैरहजेरीबद्दल काही बोलू नका. तिने केलेले एखादे चांगले काम सांगा, खरे आणि नेमके : ‘तिने नकाशावर नदीचे उगम किती काळजीपूर्वक दाखवले’ असे काहीतरी. पलीकडून थोडा वेळ शांतता असेल, ती भरून काढण्याची घाई करू नका. दुसऱ्या किंवा तिसऱ्या फोननंतर, बोलणे सुरू झाले की, ५०६ चा फॉर्म कशासाठी असतो आणि तो कोण पाहतो ते समजावून सांगा, आणि घरच्यांना चालणार असेल तर तो भरायला आपण शाळेत किंवा सेंटरमध्ये सोबत बसू असे म्हणा. तिच्या राष्ट्राचे नाव घरची माणसे जसे उच्चारतात तसे लिहून घ्या, आणि आपला उच्चार बरोबर आहे ना, हे त्यांच्याकडूनच तपासून घ्या.